लाईट गेली की तो बोलतो

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास, दवाखाना बंद करायच्या बेतात असताना कामतघरकडची एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली. ताप नव्हता, खोकला नव्हता. मुलगा सव्वादोन वर्षांचा, अंगाने बरा. "डॉक्टर, हा बोलत नाही," एवढेच ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. 'आई', 'दे' आणि पाण्यासाठी 'मम', असे तीनच शब्द. सासूबाईंचे म्हणणे, ह्याचा बापही उशिरा बोलला होता, धीर धर. शेजारणीचे म्हणणे, जिभेखालची शीर कापून आण. कोणी मधातून वेखंड चाटवायला सांगितले होते, तोही प्रयोग झाला होता आणि पोराला उलट्या झाल्या होत्या.

पालक मंडळी, आधी याच तीन गोष्टींबद्दल सांगतो, कारण दर महिन्याला एक तरी आई या ऐकून येते. वेखंडाने मूल बोलू लागत नाही, जास्त झाले तर त्रास मात्र होतो. जिभेखालचा पडदा जखडलेला असेल तर एखाद्या मुलाचे उच्चार अडखळतात, पण केवळ त्यामुळे मूल मुळात बोलायलाच लागले नाही, असे होत नाही. आणि बाप उशिरा बोलला म्हणून मुलासाठी थांबून राहणे, हा सर्वांत महाग सल्ला. साधारण वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द यावा. दोन वर्षांच्या सुमारास 'दूध दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडले जावेत. तसे होत नसेल तर तपासणी करायची, तिसऱ्या वाढदिवसाची वाट पाहायची नाही.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. जन्मल्यावर लगेच रडला का, कावीळ फार झाली होती का, कान फुटतो का, नावाने हाक मारल्यावर वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, डोळ्यांत बघतो का, येत असलेले शब्द विसरला आहे का. मूल बोट दाखवत नसेल, नजर देत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर एक दिवसही न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. तिथे स्वमग्नतेसाठी तपासणी होते. या मुलाच्या बाबतीत तसे काही नव्हते. तो माझ्या टेबलावरच्या टॉर्चकडे बोट करून आईकडे बघत होता. हे चांगले लक्षण. तरी कानाची तपासणी लिहून दिली, कारण न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान आधी पाहायचे असतात. कपाटाचे दार आपटल्यावर मूल दचकले, म्हणजे त्याला सर्व ऐकू येते असे नव्हे.

चिठ्ठी घेऊन निघताना ती दारात थांबली. "एक सांगू का डॉक्टर? लाईट गेली ना, की हा बडबडतो. आपलं आपलं काहीतरी सांगत असतो. लाईट आली की पुन्हा गप्प."

मी तिला परत बसवले. माझ्या मते ती त्या दिवशी तपासणीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बोलली होती.

त्यांची खोली एका यंत्रमाग कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. भिवंडीकरांना त्या आवाजाचे वर्णन करून सांगायला नको. दिवसपाळी आणि रातपाळी मिळून खडखडाट चोवीस तास. घरात टीव्ही चालू, आणि मागाच्या आवाजावर मात करायची म्हणून तो मोठ्याने. मुलासमोर दिवसभर कार्टून. आई दाराजवळ बसून तयार कपड्यांचे धागे कापायचे काम करते, नगावर पैसे. मान खाली, कात्री चालू. मुलाचे वडील मागावर बारा तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आता लाईट गेल्यावर काय होते ते पाहा. माग बंद पडतात. टीव्ही बंद पडतो. खोलीत अंधार झाल्याने धागे दिसत नाहीत, म्हणून आई कात्री बाजूला ठेवते आणि पोराला घेऊन उंबऱ्यावर बसते. त्या पाऊण तासात मुलाला शांतता मिळते, आईचा चेहरा मिळतो आणि तिचे लक्ष मिळते. तो बोलतो त्यात नवल काय?

मूल शब्द शिकते ते नुसते कानावर पडून नव्हे. ते 'आऽ' करते, समोरचे माणूस 'काय रे?' म्हणते, ते पुन्हा काही काढते, समोरचे हसते. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा झाली की मेंदूत भाषेची घडण होते. टीव्हीतले पात्र कितीही गोड बोलले तरी ते मुलाच्या 'आऽ'ला उत्तर देत नाही. मोबाईलचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको, जितका कमी तितका चांगला. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2021 सालचा सल्लाही जवळपास हाच आहे. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर अधूनमधून बोलणे एवढी सवलत आहे, कारण आजी उत्तर देते.

आवाजाचाही भाग आहे. साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते. माग चालू असताना शेडमध्ये आवाज नव्वदच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी नव्वद हीच कमाल मर्यादा आहे, आणि इथे पाळी बारा तासांची. भिंतीपलीकडे तो बराच कमी होतो, पण शब्द वेगळे ओळखू यायला जी शांतता लागते ती राहत नाही. मोठ्या माणसाला अर्धा शब्द ऐकून पुरा कळतो, कारण त्याला भाषा आधीच येते. लहान मुलाकडे ती शिदोरी नसते.

आणखी एक गोष्ट, जी या बाईने विचारली नव्हती. वर्षानुवर्षे मागावर काम केलेल्या माणसाचे कान हळूहळू मंद होतात, तेही आधी उंच पट्टीच्या आवाजांसाठी. लहान मुलाचा बारीक आवाज, 'स', 'त', 'क' यांसारखी व्यंजने, हीच आधी जातात. त्यामुळे बापाला वाटते, पोरगा काही बोलत नाही. पोरगा बोलत असतो, उत्तर मिळत नाही म्हणून गप्प होतो. मी वडिलांनाही कान तपासून घ्यायला सांगितले. कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात. ते घालून काम करणारा कामगार मी क्वचितच पाहिला आहे. "सोबतचे हसतात" हे त्यामागचे कारण.

आता खरा प्रश्न. "वेळ कुठून आणू?" असे ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता. बरोबरच होता. धागे नाही कापले तर भाडे कुठून द्यायचे? 'मुलांना वेळ द्या' असे सांगणाऱ्यांनी आधी या बाईच्या घरात एक दिवस काढावा. मीही हे सांगण्याचा अधिकार फारसा कमावलेला नाही. माझ्या मुलाचा पहिला दुधाचा दात पडला ते मला तीन दिवसांनी कळले, आणि तेही कंपाउंडरकडून. मुलाने तो दात कागदात बांधून त्यालाच दाखवला होता, कारण दवाखान्यात माझ्याभोवती माणसे आणि घरी मी वर्तमानपत्रात.

मला अशा वेळी कोसबाडची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केले. तेव्हा हा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघरमध्ये आहे. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर आपण वापरतो. आणि जी आदिवासी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरेही चरतील, मुलेही शिकतील. मुलांना वेळ नाही, ही तक्रार करत त्या बसल्या नाहीत. काम जिथे चालू आहे तिथेच शिकणे नेले.

तेच घरात करता येते. मी त्या बाईबरोबर कागदावर तिचा दिवस मांडला. मुलाची आंघोळ, भरवणे, कपडे घालणे, दुकानात जाणे, झोपवणे, असे दोन-अडीच तास ती त्याच्याबरोबर असतेच. फक्त ते तास मुक्याने किंवा टीव्हीसमोर जातात. वेगळा वेळ काढायचा नाही, हाच वेळ बोलका करायचा. आंघोळीला 'हा हात, हा दुसरा हात, पाणी गरम आहे ना?' धागे कापताना मुलाला शेजारी बसवून चिंध्यांचे रंग, 'लाल दे, निळा दे' (कात्री मात्र त्याच्या हाताला लागणार नाही अशी). विचारल्यावर मनात पाच अंक मोजून थांबायचे. आपण मोठी माणसे प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. त्याने 'मम' म्हटले तर 'हो, पाणी हवं? थंड पाणी' असे एक शब्द वाढवून परत द्यायचे. चुकला म्हणून दटावायचे नाही, आणि 'बोल, बोल ना, काकांना बोलून दाखव' असा पाहुण्यांसमोर तगादा तर अजिबात नको.

हे फार किरकोळ वाटेल. जमैका देशाच्या राजधानीत 1986-87 साली वाढ खुंटलेल्या 129 गरीब मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्यातून तासभर जात आणि आईला मुलाशी कसे खेळावे, बोलावे ते दाखवत. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ही मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक कमावत होती.

भरवतानाचा मोबाईल हा सगळ्यांत अवघड मुद्दा. "मोबाईल दाखवला की दोन पोळ्या जातात, नाहीतर अर्धीही नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे! पण पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला भूक कधी संपली ते कळत नाही, चव कळत नाही, आणि आईशी बोलायची दिवसातली तीन हमखास ठिकाणे जातात. बंद केल्यावर तीन-चार दिवस आरडाओरडा होतो. तो सोसायचा. मुलाने अर्धी पोळी खाल्ली तर अर्धीच.

भाषेबद्दलही विचारतात. भिवंडीत एका गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू कानावर पडते. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही. घरात आगरी बोलत असाल तर मुलाशी खुशाल आगरीत बोला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' म्हणण्यापेक्षा ते कितीतरी भरघोस.

राहिले वडील. ते शुक्रवारी भेटायला आले, कारण मागाला सुट्टी शुक्रवारची. मोठ्या मुलीची शाळा रविवारी बंद, त्यामुळे सगळे घर एकत्र असा दिवसच नाही. दिवसपाळी असली की रात्री ते घरी येईपर्यंत धाकट्याला जागा ठेवत, बारा वाजत. त्यांची माया मला कळत होती, पण या वयाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. जागरण झालेले मूल दुसऱ्या दिवशी चिडचिडे, मग त्याला गप्प करायला टीव्ही. मी सुचवले ते इतकेच की रातपाळीच्या आठवड्यात सकाळी सुटल्यावर झोपण्याआधी मुलाला घेऊन बेकरीत पाव आणायला जावे. चालत. जाऊन-येऊन वीस मिनिटे. दिवसपाळीच्या आठवड्यात निघण्यापूर्वी दहा मिनिटे, दात घासताना का होईना. मुलाला झोपू द्यावे. "पाव आणायला तर मी जातोच," असे ते म्हणाले. फक्त एकटे जात होते.

कानाची तपासणी मुलाची ठीक निघाली. वडिलांची तितकी ठीक नाही. आता ते बोळे घालतात, सोबतचे हसतात. टीव्ही पूर्ण बंद झालेला नाही, संध्याकाळी एक तास लागतोच, असे आईने प्रामाणिकपणे सांगितले. माग अर्थातच चालू आहेत. घर बदलणे त्यांना परवडणारे नाही, म्हणून मुलगा दुपारी दोन तास अंगणवाडीत जातो, तिथे तेवढा खडखडाट नाही. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते. बोलण्यात उशीर असेल तर सेविकेला आधीच सांगून ठेवावे, पुढची चिठ्ठी तिथून मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

साडेतीन महिन्यांनी ते पुन्हा आले. आईने मोजलेले शब्द चौतीस. मी टॉर्च लावला तेव्हा मुलगा म्हणाला, "लाईट आली." दोन शब्द, जोडून. वयाच्या मानाने अजून तो मागे आहे, म्हणून वाचा-उपचार तज्ज्ञांकडेही पाठवले आहे आणि पुढच्या महिन्यात परत बोलावले आहे. शुक्रवारी, म्हणजे वडिलांना येता येईल.