लिनक्स : ओळख, मांडणी आणि मराठी

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाचा विषय निघाला की आपल्याकडे एक समजूत हटकून ऐकू येते. संगणक हा विज्ञान आणि अभियांत्रिकीवाल्यांचा प्रांत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यावर फार तर निबंध टंकित करावा, परीक्षेचा अर्ज भरावा आणि बाजूला व्हावे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात लिनक्सच्या निमित्ताने करावयाचा आहे. लिनक्स म्हणजे काय, जुन्या संगणकावर ते कसे बसवावे, त्यात मराठी कशी आणावी आणि या उद्योगात भाषेच्या विद्यार्थ्याकडे कोणते काम येते, असा क्रम मी ठेवला आहे.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाच्या सर्व भागांना कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला कार्यप्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही आपल्या परिचयाची कार्यप्रणाली. ती कंपनीच्या मालकीची असते. आपण फक्त वापरण्याचा परवाना घेतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली कोणालाही वापरता यावी, तपासता यावी, बदलता यावी आणि दुसऱ्याला देता यावी, हा त्यामागचा विचार. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. १९९२ मध्ये त्याने हा गाभा ग्नूच्या परवान्याखाली आणला. या गाभ्याचे नाव लिनक्स. गाभा आणि त्याभोवतीच्या आज्ञावल्या एकत्र बांधून जी तयार संचरूपे मिळतात, त्यांना वितरणे म्हणतात. डेबियन (१९९३), उबुंटू (२००४), मिंट (२००६) ही त्यांतील काही नावे. आपल्या देशात सी-डॅक या शासकीय संस्थेने ‘बॉस’ नावाचे वितरण तयार केले आहे. ज्यांना लिनक्स परके वाटते त्यांना एवढेच सांगतो, की अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाईलमध्ये गाभा लिनक्सचाच असतो.

गटाची गरज

लिनक्सला विक्रेता नसतो, त्यामुळे अडचण आली तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न येतो. त्यातून जगभर गावोगावी लिनक्सप्रेमींचे गट उभे राहिले. पुण्यातील ‘पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप’ म्हणजे ‘प्लग’ हा आपल्या महाराष्ट्रातील जुना गट. पुण्यातच सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत २००३ पासून अनेक वर्षे ‘ग्नूनिफाय’ हा मेळावा भरत आला.

सिन्नरला आम्ही सातजण दर रविवारी दुपारी जमतो. आमच्यात आयटीआयचे दोघे, मुसळगावच्या वसाहतीत पाळीवर जाणारे एक दादा आणि कला शाखेचे आम्ही चौघे आहोत. गटाला नाव नाही, वर्गणी नाही. नियम एकच, आणि तो दादांनी घालून दिला : ज्याचा संगणक, त्याचेच हात कळफलकावर. शिकवणाऱ्याने तोंडाने सांगावे, कळ दाबू नये. या नियमाने काम सावकाश होते, पण पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा येत नाही.

सध्या हा विषय निकडीचा होण्याचे एक कारण आहे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, ठरावीक नवे प्रोसेसर आणि किमान ४ जीबी रॅम लागते. म्हणजे अनेक चालते संगणक केवळ या अटींमुळे अडगळीत जाणार. नवा संगणक घेणे ज्यांच्या घरी शक्य नाही, अशांना ही अडगळ मोलाची आहे.

मांडणी कशी करावी?

आम्ही मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती वापरतो. तिला किमान २ जीबी रॅम, २० जीबी जागा आणि ६४ बिटचा प्रोसेसर लागतो. पायऱ्या अशा :

१. संगणकातील सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावीत. ही पायरी गाळू नये.

२. वितरण अधिकृत ठिकाणाहून उतरवून पेनड्राइव्हवर चढवावे. नुसती फाइल नकलून चालत नाही. त्यासाठी वेगळी आज्ञावली असते.

३. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा. काहीही न बसवता लिनक्स वापरून पाहता येते. वायफाय, आवाज आणि मुद्रणयंत्र चालते का, ते येथेच तपासावे.

४. बसवताना डिस्कचे दोन भाग करावेत : एक प्रणालीसाठी आणि दुसरा ‘होम’साठी. आपले सर्व लेखन होममध्ये राहते. पुढे प्रणाली नव्याने बसवावी लागली, तरी होमचा भाग न पुसता तसाच ठेवता येतो.

५. काम झाल्यावर लगेच सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात.

मराठीची मांडणी

पूर्वी मराठीचे अनेक टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असत. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला की मजकुराचा निव्वळ गोंधळ दिसे. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला आणि ही अडचण दूर झाली. लिनक्समध्ये भाषांच्या यादीतून मराठी निवडावी आणि ‘आयबस’ या टंकलेखनाच्या सोयीत मराठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक जोडावा.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. भारतीय लिप्यांसाठी रचना एकच असल्याने मराठीत बसलेला हात कानडी किंवा बंगालीतही उपयोगी पडतो. एक उदाहरण मराठीच्या विद्यार्थ्यांनी पाहावे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा. उच्चारातील हा भेद आपण रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांनी दाखवतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’ ही कळ ‘र’ देते आणि शिफ्टसह तीच कळ ‘ऱ’ देते. पुढे हलन्त आणि ‘य’ दाबले की हवे ते जोडाक्षर उमटते. हा बारकावा मराठी जाणणाऱ्याने धरून ठेवला नाही, तर यंत्राला त्याची गरज कधी भासणार नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याचे काम

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पडद्यावर मराठीत दिसणारे शब्द कोणीतरी बसून भाषांतरित केलेले असतात, आणि त्यांतील बरेच काम स्वयंसेवकांचे आहे. अनेक आज्ञावल्यांत वाक्यांची एक स्वतंत्र फाइल असते : वर इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी मोकळी ओळ. जेथे ओळ मोकळी राहते, तेथे पडद्यावर इंग्रजी दिसते. ती भरण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही. व्याकरण मात्र पक्के लागते.

याचे कारण मराठीचे सामान्यरूप. इंग्रजी वाक्यात यंत्र एक जागा रिकामी सोडते आणि तेथे ऐनवेळी नाव भरते. इंग्रजीत त्या नावाचे रूप बदलत नाही. मराठीत ‘चित्रे’ या नावाला ‘मध्ये’ जोडताना ‘चित्रांमध्ये’ व्हावे लागते. यंत्र मात्र सरळ ‘चित्रेमध्ये’ लिहून मोकळे होते. तेव्हा भाषांतरकाराने वाक्यच ‘चित्रे या संचिकेमध्ये’ असे बांधावे, म्हणजे नाव मूळ रूपात राहते आणि प्रत्यय पुढच्या शब्दाला लागतो. अनेकवचनाचेही तसेच. ‘१ फाइल’ आणि ‘३ फायली’ यांसाठी दोन स्वतंत्र वाक्ये द्यावी लागतात. शब्दनिवडीचा वाद तर आमच्या गटात दर रविवारी होतो. ‘संचिका’ म्हणावे की ‘फोल्डर’? माझे मत असे, की जो शब्द बाजारपेठेत बोलला जातो, तो प्रथम तपासून पाहावा.

हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. आमच्या घरी आई विड्या वळते. मिळालेले पान आणि तंबाखू, दिलेल्या विड्या, छाटणीत काढलेल्या विड्या आणि हाती आलेली मजुरी, हा हिशेब ती आजवर तोंडी ठेवीत असे. तोंडी हिशेबाला वाद घालता येत नाही. गटाने दुरुस्त केलेल्या एका जुन्या संगणकावर मी लिब्रेऑफिसमध्ये मराठी रकान्यांचा तक्ता करून दिला. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. ‘छाटणी’ हा रकाना तिने स्वतः वाचला, आणि महिनाअखेर त्याची बेरीज पाहून म्हणाली, “एवढी जाते होय रे? पुढच्या खेपेला कागद घेऊनच जाते.” तेथे ‘अस्वीकृत संख्या’ असे लिहिले असते, तर तिने मला विचारले असते, आणि हिशेब पुन्हा माझाच राहिला असता.

सारांश, संगणक दुरुस्त करणारे हात आयटीआयच्या मित्रांचे असतील; त्यावर उमटणारी मराठी नीट असावी, ही जबाबदारी आपली आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी सामान्यरूपाच्या तासाला या मोकळ्या ओळींचा सराव द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. तसेच कोणाच्या घरी जुना संगणक पडून असेल, तर तो भंगारात घालण्यापूर्वी एका रविवारी आमच्याकडे घेऊन यावा. मात्र कळफलकावर हात ज्याचे त्यालाच ठेवावे लागतील.