एक छावणी, दोन निर्वासित समाज

निर्वासित हा शब्द मराठवाड्याला परका नाही. रझाकारीच्या दिवसांत, १९४७-४८ मध्ये, निजामाच्या राज्यातील कितीतरी कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती झाली आणि त्यांना परतीची वाट मोकळी झाली. पण ज्यांची वाट कायमची बंद होते, त्यांचे काय? ते कोठे, किती दिवस व कोणत्या नावाने राहतात, हे त्यांच्या हातात फारसे नसते. ते कायदा ठरवतो. याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आहे. तेथे एकाच छावणीत एकामागून एक दोन निर्वासित समाज राहिले.

पहिले पोलंडचे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लोकांना मोठ्या संख्येने उचलून सैबेरिया व कझाकस्तानकडे धाडले. १९४१ साली जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर त्यांची सुटका झाली व त्यांतील काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. वळिवड्याची छावणी १९४३ साली उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार लोक होते, बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच असे सर्व काही होते. शाळेत शिक्षण पोलिश भाषेत चाले, कारण युद्ध संपले की परत जायचे हे गृहीतच होते. छावणीच्या खर्चाची जबाबदारी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारवर होती.

मग फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांचे ठरले आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे गेला. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. वळिवड्याच्या बराकीत बसलेल्या बाईला कोणी हातही लावला नाही. तरी तिचे गाव परदेशात गेले आणि तिचे सरकार नाहीसे झाले. थोडे लोक पोलंडला परतले. बाकीचे १९४८ पर्यंत इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, जिकडे प्रवेश मिळाला तिकडे पांगले.

त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. त्या वसाहतीला गांधीनगर नाव पडले आणि आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. सिंधी माणूस कष्टाळू व व्यापारात हुशार, असे याचे कारण सहसा दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पोलिश बायका काय आळशी होत्या? ज्या घरातून उद्या निघायचे आहे, त्या घरात कोणी पेढी टाकत नाही. पोलिश लोक पाहुणे होते. सिंधी माणसाला मात्र राज्यघटनेने नागरिक मानले. कलम ६ प्रमाणे १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेला आपोआप नागरिक झाला. त्यानंतर आलेल्यास अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागे. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल इकडे मोबदला मिळण्याची सोय केली. माणूस मालक झाला की भिंत पाडून दुकान काढतो. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचेही असेच झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांचे उल्हासनगर झाले, तरी तेथील लोक अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणतात.

परंतु भरपाई दाव्यावर होती आणि दावा मालमत्तेवर. ज्याचे सिंधमध्ये स्वतःच्या नावावर काहीच नव्हते, त्याने कशाचा दावा करावा? कागद नसलेला माणूस तलाठ्यासमोर कसा उभा राहतो, हे आमच्या पोखर्णीकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आजही भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही. त्यामुळे आश्रय मिळतो तो सरकारी आदेशाने, आणि प्रत्येक समाजाला निराळा. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीतही धर्म, तीन देशांची नावे आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. तिबेटी निर्वासित भारतात नोंदणीच्या दाखल्यावर राहतात आणि मुदत संपली की तो पुन्हा करून घेतात. परदेशी ठरल्याने जमीन व सरकारी नोकरी यांची वाट अडते; म्हणून हिवाळ्यात गावोगावच्या फुटपाथवर स्वेटर विकणारे तिबेटी आपल्याला दिसतात. नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक ठरतो. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. तेव्हा मायबाप दोघेही निर्वासित असतील तर १९८६ साली जन्मलेला थोरला भाऊ भारतीय आणि १९८८ साली त्याच घरात जन्मलेला धाकटा परदेशी, असेही होऊ शकते.