नाव झाका, हिशेब दाखवा

काकींना कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा सलाईनच्या सुईपासून अँटिबायोटिकपर्यंत सगळं मेडिकलमधून आणावं लागलं. "स्टॉक न्हाई, भायेरनं आणा." म्हणून माहिती अधिकारात औषधसाठ्याची नोंदवही आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीची इतिवृत्तं मागितली.

इतिवृत्तं 'गोपनीय' म्हणून नाकारली. साठ्याच्या वहीऐवजी हाती आल्या औषधवाटपाच्या वहीच्या झेरॉक्स, नाव-गाव-आजारासकट. त्यात आमच्याच गल्लीतला एक पोरगा, नावासमोर क्षयरोगाच्या गोळ्या. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती! मीच काळ्या मार्करनं नावं खोडली, तरी कागद उजेडाला धरला की अक्षरं दिसायची. खोडलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढावी लागते, तेव्हा कुठं नाव जातं. हे काम खरं तर कार्यालयाचं.

झाकायचं ते उघडं आणि उघडायचं ते कुलपात, असा हा कारभार. म्हणून अर्ज लिहितानाच काळजी घ्या. औषधाचं नाव, तारीख, नग, दर, पुरवठादार एवढंच मागा आणि 'कलम 10 नुसार रुग्णांची ओळख वगळून द्यावे' असं स्पष्ट लिहा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द चालतात, तेव्हा इतिवृत्तांसाठी वेगळा अर्ज करा. समितीच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं बघायला मिळतात का, हे कलम 4 प्रमाणे कार्यालयानं आपणहून जाहीर करायचं असतं. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा.

दुसऱ्याचा केसपेपर मात्र सहज मिळत नाही, मिळूही नये. अपवाद असतात. तत्कालीन मंत्री सुरूपसिंह नाईक यांना 2006 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल महिन्याची कैद झाली आणि त्यातले बरेच दिवस ते जेजे रुग्णालयात होते. त्यांच्या उपचारांचे कागद मागितले गेले, तेव्हा कैद्याच्या बाबतीत लोकहित खाजगीपणापेक्षा जड ठरू शकतं, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2007 मध्ये सांगितलं. नोव्हेंबर 2025 पासून खाजगी माहितीबद्दलच्या कलम 8(1)(ञ) मधली लोकहिताची अट गेली. आता अशा वेळी बोट ठेवायचं ते लोकहिताच्या कलम 8(2) वर.

अपिलात मला इतिवृत्तं मिळाली. 'औषध खरेदीस मंजुरी देण्यात आली', बस्स. कोणतं, किती, कितीला, काही नाही. जिल्हास्तरीय कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 कागद बघता येतात. आता खरेदीच्या बिलांची फाईल तिथं मागणार आहे.