लेकीचा परवाना

समजा, करकंबची एक लेक नवऱ्याबरोबर सौदी अरेबियात राहायला गेली. रात्री मूल तापाने फणफणले. नवरा रात्रपाळीला गेलेला. गाडी दारात उभी. पण २०१८ पूर्वी तिला ती चालविता येत नसे. तिथे बायकांना परवानाच मिळत नव्हता. २४ जून २०१८ पासून ही बंदी उठली.

आमच्या लहानपणी बाई सायकलवर बसली, तरी माणसे थांबून बघत! आता आम्हीच लेकींना सांगतो, जाण्याआधी इथे मोटार शिका. वय १८ पुरे पाहिजे. आधी शिकाऊ परवाना काढायचा. ३० दिवसांनंतर परीक्षा देऊन पक्का मिळतो. तिथे राहायचे तर तिथला परवाना निराळा काढावा लागतो. पण हात बसलेला असला, की भीती वाटत नाही. मात्र तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात हं!