आजीचं नाव कोणी खोडायचं?

अहिल्यानगर

चि. बाळास,


तुझं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. प्रार्थनागटातल्या कोणी तुला सांगितलं की, देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच आपली माणसं निवडून ठेवली आहेत आणि बाप्तिस्मा न घेता गेलेली तुझी आजी त्यांत नाही. ती माझी आई होती. म्हणून शांतपणे, पण मनापासून लिहिते.

निवडीची शिकवण खोटी नाही. पौलाच्या पत्रांत ती आहे. ऑगस्टीनने ती मांडली, कॅल्विनने जिनिव्हात ठामपणे शिकवली. त्या गावात छळाला कंटाळून पळून आलेले कितीतरी फ्रेंच लोक होते. आपलं तारण राजाच्या हाती नाही, देवाच्या हाती आहे, हा त्यांना केवढा आधार! तारलेला माणूस मागे वळून स्वतःविषयी म्हणतो, “मी नाही, त्यानेच मला धरलं.” शेजाऱ्याकडे बोट दाखवून हेच वाक्य उलटं म्हटलं की त्याचं विष होतं. देवाच्या गुप्त मसलतीत डोकावू नका, असं कॅल्विननेच बजावलं आहे. वेस्लीने तर निवडीची ही मांडणीच नाकारली. कृपा सर्वांसाठी आहे, असं तो सांगत राहिला. दोघेही प्रभूचेच सेवक होते.

आता आपल्या नगरची गोष्ट ऐक. ती तुमच्या गटात कोणाला ठाऊक नसेल. इथे 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं, ते कॅल्विनच्याच परंपरेतलं. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे त्याच मिशनचे. 1847 साली मुंबईत जन्मले, 1874 पासून नगरला राहिले, इथलं धर्मशिक्षणाचं विद्यालय त्यांनी उभं केलं. ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही, त्या पूर्वजांचं काय, हा प्रश्न इथे काम करणाऱ्याला टाळता येत नाही. ह्यूमसाहेबांनीही तो टाळला नाही. 1886 साली सुट्टीवर अमेरिकेत असताना अँडोव्हरच्या सभेत ते बोलले. ज्याला या जन्मात ख्रिस्त कळलाच नाही, त्याला मरणानंतर तरी देव ती संधी देईल, अशी आशा बाळगायला जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. केवढा गहजब झाला! अशाने मिशनकार्याचा कणाच मोडेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. ह्यूमसाहेबांना भारतात परत पाठवायचं की नाही, यावर मिशनचं बोर्ड अडून बसलं. अखेर 1887 साली ते नगरला परतले.

आक्षेपाचं उत्तर त्यांच्या आयुष्याने दिलं. नरकाच्या धाकाने ते काम करत नव्हते, तरी कामात कुठे ढिलाई आली? 1900 च्या दुष्काळात त्यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. नारायण वामन टिळक त्यांच्याच विद्यालयात शिकवत. संतांच्या वाटेनेच आपण येशूपर्यंत आलो, हे टिळकांनी कधी लपवलं नाही.

म्हणून सगळे आपोआप तारले जातात असं मी म्हणत नाही. तेही माणसाने देवाच्या वतीने बोलणंच झालं. पण देवाचं प्रेम काही थोड्यांपुरतंच आहे, हे मी मानणार नाही. सर्वांचं तारण व्हावं ही त्याची इच्छा आहे, असं पौलच तीमथ्याला लिहितो. आणि रोमकरांस पत्राचा जो नववा अध्याय तुला दाखवला, त्याची सुरुवात कशाने होते? आपल्या लोकांसाठी पौलाचं काळीज तुटतंय. त्यांच्यासाठी स्वतः ख्रिस्तापासून तुटायलाही तो तयार आहे. ज्याला दुसऱ्याच्या नाशाचं दुःख होत नाही, त्याने त्या अध्यायाला हात लावू नये.

आईने पंढरीची वारी सोडली नाही, आणि आम्हा दोघी बहिणींना रविवारी मंडळीत जाताना कधी अडवलंही नाही. तिचा न्याय मी करणार नाही, तूही करू नकोस. ज्याने तिला घडवलं, त्याच्या हाती मी तिला सोपवलं आहे आणि मला भीती वाटत नाही.

गट सोडू नकोस. पुढच्या बैठकीत नववा, दहावा आणि अकरावा हे तिन्ही अध्याय एका दमात मोठ्याने वाचायला सांग. अकराव्याच्या शेवटाकडे सगळ्यांवरच्या दयेचं वचन येतं. तिथे पोचल्याशिवाय कोणाला वाद घालू देऊ नकोस.

तुझी,
मावशी