बायोडिझेलच्या टाकीतील गाळ आणि मुनीमजींची कैफियत

भोपाळच्या गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याचा जनरेटर डिसेंबरात, ऐन मालाच्या घाईत, धापा टाकीत बंद पडला, तेव्हा पुरवठादाराच्या मुनीमजींनी दूरध्वनीवरूनच निवाडा दिला : "भाईसाहब, ठंड से जम गया है, धूप निकलते ही चल पड़ेगा." हे विधान सर्वस्वी खोटे नव्हते, पामतेलापासून केलेले बायोडिझेल थंडीत धूसर होते व त्यातील मेणासारखे कण फिल्टरमध्ये अडकतात. परंतु टाकीच्या तळचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन ती बरणी मी कोमट पाण्यात उभी केली, तेव्हा वरची धूसरता निवळली, खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसू लागला, आणि त्या दोहोंच्या सीमेवरचा तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत पडदा मात्र जागचा हलला नाही. थंडीने गोठलेले उबेने सुटते. कुजलेले सुटत नाही.

हे कळविताच मुनीमजींचा सूर पालटला : "आपकी टंकी ही गंदी होगी." वास्तविक टाकी आतून पुसून कोरडी केल्याचे त्यांच्याच माणसाने पाहून पावतीवर लिहून दिले होते. सुदैवाने टँकर रिकामा होतेवेळी भरलेली, उभयतांच्या सह्यांची मोहोरबंद बाटली माझ्या कपाटात होती. भारतीय मानक 15607 नुसार किलोमागे 500 मिलिग्रॅमहून अधिक पाणी चालत नाही. बाटलीत ते त्याहून पुष्कळ निघाले, आणि बंद बाटलीत पाणी काही आकाशातून उतरत नाही. तपासणीचा अहवाल धाडल्यापासून मुनीमजी 'बाहेरगावी' आहेत.

2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट 2018 च्या राष्ट्रीय धोरणात आहे. ते इंधन सांभाळावे कसे, हे मात्र ज्याचे त्याने ठेच खाऊन शिकावे, अशीच एकंदर व्यवस्था दिसते. हे इंधन साध्या डिझेलपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषते व हवेच्या संपर्काने खवट होते. तांबे, पितळ, जस्त यांच्या सान्निध्यात तर हा ऱ्हास अधिकच वेगाने होतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली टाकी नको, पितळी कॉकही नको; साधे पोलाद, स्टेनलेस अथवा एचडीपीई चालते. सामान्य रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात, त्यांऐवजी व्हायटनच्या घ्याव्यात. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि आतल्या आत दव धरते. तेव्हा ती शक्यतो भरलेली ठेवावी, सावलीत ठेवावी, आणि तळाच्या कॉकने पाणी वरचेवर काढावे, पावसाळ्यात तर आळस न करता. सहा महिन्यांहून जुना साठा तपासल्यावाचून वापरू नये. जुन्या डिझेलच्या टाकीत हे भरले तर ते वर्षानुवर्षांचा गाळ सोडविते, म्हणून फिल्टरचा एक जोड हाताशी असावा. स्वच्छता, झाकण, आगीपासून अंतर हे सर्वांना ठाऊकच आहे.

नळीतून नमुना घेऊन बाटलीवर टँकरचालकाची सही झाल्याखेरीज माल उतरवून घेऊ नका. तो कुरकुरला, तर टँकर तसाच परत पाठवा.