‘गिदर’ने शिकवलेल्या पाच गोष्टी

डेन्मार्कमधल्या ऑरहुसला राहायला आले तेव्हा डॅनिश क्रियापदांच्या याद्या घोकल्या होत्या. पण ज्या क्रियापदाने मला इथली माणसं समजावली, ते ‘गिदर’ मी माणसांकडूनच शिकले.

१. लिहितात एक, ऐकू येतं दुसरंच. लिहिताना ‘गिदर’, पण बोलताना त्यातला ‘द’ जिभेवर विरघळतो आणि ‘गीअ’ एवढंच उरतं. मी, तू, आपण, सगळ्यांना रूप तेच. इतकं सोपं, तरी कित्येक आठवडे ते माझ्या कानांवरून नुसतंच जात राहिलं.

२. नकाराला सबब लागतेच असं नाही. ‘फिरायला येतेस?’ म्हटल्यावर सहकारी मैत्रीण हसून म्हणाली, ‘याय गीअ इके.’ मला वाटलं, हिला माझाच कंटाळा आलाय. नंतर कळलं, हे आपलं ‘मन होत नाही, जिवावर आलंय’. मी असते तर डोकेदुखी पुढे केली असती. अर्थात सूर बदलला की हाच शब्द बोचतो. भांडी घासायला सांगितल्यावर पोरं तो उच्चारतात, तेव्हा घरोघरी वाद पेटतो.

३. याच शब्दात आर्जवही आहे. डॅनिशमध्ये ‘प्लीज’ला नेमका एक शब्द नाही. मीठ हवं असेल तर ‘गीअ दू…’ अशी सुरुवात करायची, म्हणजे ‘देशील का गं जरा?’ आपण तरी घरात ‘कृपया’ कुठे म्हणतो? सगळी विनवणी त्या ‘जरा’त असते.

४. भूतकाळ नेहमी मागचंच सांगत नाही. ‘गिदर’चं भूतकाळी रूप ‘गॅद’. पण ‘याय गॅद गॉट’ म्हणजे ‘मला आवडेल’. आणि ‘गॅद वीदे’ म्हणजे ‘काय असेल बरं?’ इच्छा आणि कुतूहल दोन्ही एकाच रूपात.

५. मनावर घेणं हेच देणं. बर्फ पडला त्या दिवशी शेजारच्या आजींना काळपट, जड रुगब्रो पाव आणून दिला. दारात माझा हात धरून त्या म्हणाल्या, ‘ताक फोर्दी दू गॅद.’ तू मनावर घेतलंस, म्हणून आभार. त्या रात्री आईला फोन लावला. दोन आठवडे तो राहून गेला होता आणि असं झालं की दर वेळी मी ‘वेळच नव्हता गं’ म्हणत आले होते. त्या दिवशी तसं म्हणवेना.